धाट, ऊन आणि गोडे पाणी

एप्रिल महिन्यातली दुपार आहे असे समजा. तुम्ही एक टॉवेल भिजवून दोरीवर टाकला आणि शेजारीच पाण्याने भरलेली बादली ठेवली. तास-दीड तासात टॉवेल खडखडीत वाळतो. बादलीतले पाणी मात्र आहे तिथेच. हात घालून पाहिला तर ते फार तर कोमट लागते. ऊन दोघांवर सारखेच पडले, मग असे का व्हावे?

टॉवेलचा पृष्ठभाग मोठा, त्याला वारा दोन्ही बाजूंनी लागतो, असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते बरोबर आहे, पण पुरे नाही. आता तोंड सारखेच असलेली दोन भांडी घ्या, एक उथळ परात आणि एक तेवढ्याच तोंडाचे खोल घमेले. दुपारपर्यंत परातीतले पाणी अधिक उडालेले दिसेल. इथे पृष्ठभाग सारखा आहे आणि वाराही सारखा आहे. फरक एवढाच, की घमेल्यातल्या पाण्यावर पडलेले ऊन खालच्या साऱ्या पाण्याला तापवण्यात खर्ची पडते. वाफ तर फक्त वरच्या थरातून निघते. म्हणजे काम एका थराचे आणि रोजगार मात्र साऱ्या गर्दीला वाटायचा, असा हा प्रकार आहे!

शुद्ध पाणी पारदर्शक असते, हेच इथे मुळाशी आहे. डोक्यावरच्या उन्हापैकी पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरणारा भाग अगदी थोडा, शेकडा दोनच्या आसपास असतो. बाकीचे ऊन आत शिरते आणि खोलवर विखरून जाते. पृष्ठभाग तेवढा तापवून खालचे पाणी थंडच ठेवता आले, तर तेवढ्याच उन्हात कितीतरी अधिक वाफ मिळेल. हे काम करण्याची युक्ती गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना सापडली आहे. आणि तिच्यासाठी लागणारे साहित्य शेताच्या बांधावर टाकून दिलेले असते, हे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल.

पण आधी हे ठरवू या, की वाफेची एवढी निकड कोणाला आहे?

विदर्भातल्या मित्रांना ते सांगायला नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला एक मोठा टापू ‘खारपाणपट्टा’ म्हणूनच ओळखला जातो. जमीन काळी, कसदार. कापूस, तूर, ज्वारी पिकते. पण विहीर खणली की पाणी लागते ते खारट. पिण्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी ही मर्यादा ओलांडतात. पुष्कळ गावांत आता नळाचे पाणी पोचले आहे. तरी ते खंडले, की अंगणात भरलेली विहीर असूनही तांब्याभर पाण्यासाठी वाट पाहत बसावे लागते.

खाऱ्या पाण्याची वाफ केली की क्षार मागे राहतात, आणि ती वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. निसर्ग समुद्रावर हेच करतो व आपण त्याला पाऊस म्हणतो. उन्हाच्या मदतीने हे घडवून आणण्याला सौर ऊर्ध्वपातन म्हणतात. कल्पना जुनीच आहे. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या वाळवंटात लास सालिनास नावाचे ठिकाण आहे. १८७२ साली चार्ल्स विल्सन या स्वीडिश अभियंत्याने तेथे काचेच्या उतरत्या छपराखाली लाकडी हौदांच्या रांगा बांधल्या. त्यांचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस मीटर होते. खाणीत लागणारे पाणी समुद्राच्या पाण्याच्या चौपट खारट होते. त्यातून रोज वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळे व ते सोरा वाहून नेणाऱ्या खेचरांना पाजत. हा कारखाना काही दशके चालला. हौदांचे तळ काळे करण्यासाठी विल्सनने काय वापरले होते, ठाऊक आहे? लॉगवुड नावाच्या झाडाच्या लाकडातून निघणारा रंग आणि तुरटी! वनस्पती आणि ऊन यांची गाठ तेव्हाच पडली होती म्हणायची.

आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली गुजरातमधील अवाणिया गावासाठी असेच संयंत्र उभारले. त्याची क्षमता दिवसाला सुमारे ५,००० लिटर होती. पण या सर्व हौदांत दोष एकच, आणि तो म्हणजे आपले खोल घमेले. काळा रंग तळाला, वाफ निघायची वरून, आणि मधले सारे पाणी फुकट तापत राहायचे.

थोडे गणित करू या. कागद-पेन्सिल घ्या, कारण पुढे हेच आकडे लागणार आहेत.

भर दुपारी स्वच्छ आकाश असताना एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट ऊन पडते. एका तासात ३,६०० सेकंद, म्हणजे तासाभरात ३६ लाख ज्यूल ऊर्जा मिळाली. आता एक किलोग्रॅम पाणी ४० अंश सेल्सियसला द्रवातून वाफेत न्यायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. हीच पाण्याची सुप्त उष्णता. तुमच्या आजच्या पाठ्यपुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटलेले असेल. ३६ ला २४ ने भागा. उत्तर आले दीड. म्हणजे उन्हाचा कण न् कण वाफेच्याच कामी आला, तरी एका चौरस मीटरमधून तासाला दीड किलोग्रॅमच पाणी उडेल. हा आकडा नीट लक्षात ठेवा. पुढे एक-दोन बढाईखोर दावे तपासायला तो उपयोगी पडणार आहे.

२०१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हादी घसेमी, गँग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काळी तबकडी तयार केली. खाली कार्बनचा फेस, वर ग्राफाइटच्या फुलवलेल्या पापुद्र्यांचा थर. ती पाण्यावर तरंगे. वरचा थर ऊन शोषून घेई, खालचा फेस उष्णता खाली जाऊ देत नसे, आणि दोन्ही थरांतल्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढे. तबकडीवर दहापट एकवटलेले ऊन सोडले तेव्हा त्यातला ८५ टक्के भाग वाफ करण्यात लागला. घमेले खोल असले तरी तापत होता तो फक्त वरचा पापुद्रा.

आता या तबकडीचे गुण एका ओळीत मांडून पाहा. ती काळी हवी, पाण्यावर तरंगायला हवी, तिच्यातून उष्णता सहज वाहू नये आणि बारीक नळ्यांनी पाणी वर खेचता यावे. ग्राफाइट फुलवून हे सारे साधता येते, पण तुमच्यापैकी जे खेड्यात वाढले त्यांना हे वर्णन वाचून दुसरेच काही आठवेल. ज्वारीचे धाट! त्याची साल काढून आतल्या पांढऱ्या भेंडाची बैलगाडी तुम्ही केली असेल. भेंड किती हलके असते, ते पाण्यात कसे तरंगते आणि थोड्या वेळाने पाणी पिऊन कसे गच्च होते, हे तुम्हाला प्रयोगशाळेत जाऊन शिकावे लागले नसेल.

वनस्पतीचे खोड म्हणजे पाणी वर नेण्याचे यंत्रच आहे. मक्याचे एक ताट आपल्या चार महिन्यांच्या आयुष्यात सुमारे दोनशे लिटर पाणी मुळातून शोषून पानांतून वाफेच्या रूपाने सोडून देते. हे पाणी ज्यांतून वाहते त्या जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्याच बनलेल्या असतात. जिवंत झाडातही त्या मेलेल्याच! त्यामुळे पीक कापले, वाळले, तरी नळ्या शाबूत राहतात. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत, तिच्या भिंती पाण्याने पुरत्या भिजत असतील तर, केशाकर्षणाने पाणी जवळजवळ ३० सेंटिमीटर चढते. आपल्याला हवे किती? तासाला दीड किलोग्रॅम, म्हणजे चौरस मीटरवर पसरला तर अवघा दीड मिलिमीटर जाडीचा थर. धाटाच्या दृष्टीने हे काम म्हणजे किरकोळच.

राहिला काळा रंग. तो कसा द्यायचा हे लोणारी कोळसा पाडणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हवा बेताची ठेवून लाकूड तापवले की ते जळून राख होत नाही. सुमारे २०० अंशांनंतर त्यातले हेमीसेल्युलोज फुटू लागते, ३०० च्या पुढे सेल्युलोज फुटते. वायू आणि डांबरासारखी द्रव्ये निघून जातात व मागे कार्बनचा सांगाडा उरतो. तो आकसतो खरा, पण नळ्यांची ठेवण तशीच राहते. कोळशाचा तुकडा भिंगाखाली धरा, मूळ लाकडाचे रेषे आणि भोके स्पष्ट दिसतील. या भोकांत शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत आपटत शेवटी शोषलाच जातो.

२०१७ साली या विचाराने एकदम वेग घेतला. चीनमधील नानजिंग विद्यापीठातील संशोधकांनी चक्क अळंबी वापरली. शिताके नावाच्या खाण्याच्या अळंबीचा कोळसा करून ती पाण्यावर उभी केली. (अळंबी ही वनस्पती नव्हे, कवक आहे, हे जीवशास्त्राच्या शिक्षकांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.) तिची काळी छत्री ऊन झेलते आणि बारीक दांडा पाणी चढवतो. दांडा बारीक असल्याने उष्णता खाली फारशी उतरत नाही. एरवीच्या साध्या उन्हात तिने ७८ टक्के उष्णता वाफेकडे वळवली. कच्च्या, न जाळलेल्या अळंबीनेदेखील ६२ टक्के साधले होते! त्याच सुमारास अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने लाकडाच्या चकतीचा फक्त वरचा पृष्ठभाग भाजून काढला आणि तीच करामत दाखवली. त्यानंतर उसाची कांडी, मक्याची ताटे, कमळाच्या बियांची बोंडे, सूर्यफुलाची चाके, एकामागून एक भट्टीत गेली. ऊस, मका आणि आपली ज्वारी ही तिन्ही गवताच्या एकाच कुळातली जवळची भावंडे आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मेरीलँडची युक्ती मला या सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळे धाट जाळले तर कोळसा ठिसूळ होतो. शिवाय कमी तापमानात पाडलेल्या कोळशावर डांबराचा लेप राहिला, तर तो पाण्याला जवळही येऊ देत नाही. वरचे दोन-तीन मिलिमीटरच भाजले, तर वर काळी टोपी आणि खाली पाणी ओढणारे कच्चे भेंड, अशी कामाची वाटणी होते.

आता त्या बढाईखोर दाव्यांकडे वळू. तासाला दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक किलोग्रॅम पाणी उडवल्याच्या बातम्या तुमच्या वाचनात येतील. आपला हिशेब तर दीडवर थांबतो. शंभरपैकी दीडशे गुण कसे मिळाले? पुष्कळदा त्याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या माठात असते. माठाची ओली बाजू भोवतालच्या हवेहून थंड असते, म्हणून हवेतली उष्णता तिच्याकडे येते आणि तिच्यावर पाणी उडते. त्याला ऊन लागतच नाही. उंच सुळक्यासारखा बाष्पक केला की त्याच्या सावलीतल्या बाजू माठासारखे काम करतात, आणि क्षेत्रफळ मोजताना मात्र फक्त तळाची जागा धरली जाते. यात खोटे काही नाही. पण वाफ गोळा करण्यासाठी त्यावर काचेची पेटी बसवली, की आतली हवा वाफेने भरून जाते आणि हे उसने भांडवल बहुतेक संपते. म्हणून असा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारावा: पाणी उडाले किती ते सांगता, की हाती आले किती ते?

हाती येणारे पाणी वाढवण्याचा खरा मार्ग वेगळा आहे. वाफ काचेवर थंड होते तेव्हा ती आपली सुप्त उष्णता परत देते, आणि आपण ती हवेत उधळून टाकतो. तीच उष्णता शेजारच्या दुसऱ्या ओल्या थराला दिली तर? मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतील व शांघाय जिआओ तोंग विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली असे दहा थर एकामागे एक उभे केले आणि चौरस मीटरमागे तासाला ५.७८ लिटर गोडे पाणी मिळवले. एकाच पैशाने दहा दुकानांत खरेदी करावी तसे हे झाले. या यंत्रात पाणी चढवणारी वात कशाची होती? स्वयंपाकघरात हात पुसायच्या कागदाची! म्हणजे पुन्हा वनस्पतीचे तंतूच.

साध्या, एकाच थराच्या पेटीत एका घरचे भागेल का, तेही पाहू. महाराष्ट्रात दिवसभरात चौरस मीटरवर सरासरी पाच युनिट ऊन पडते, म्हणजे १८० लाख ज्यूल. २४ लाखांनी भागले तर साडेसात किलोग्रॅम. काच काही ऊन परत फेकते, तिच्यावरचे थेंब आणखी काही अडवतात, पेटी कडांतून गळते. निम्मे हाती लागले तरी खूप झाले, म्हणजे साडेतीन-पावणेचार लिटर. पाच माणसांना पिण्यास व शिजवण्यास वीस लिटर धरले, तर पाच-सहा चौरस मीटरची पेटी हवी. एखाद्या पडवीच्या छपराएवढी ही जागा झाली. न्हाण्याधुण्याला किंवा शेताला हे पाणी पुरायचे नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणि मीठ? वाफ गेली, मीठ मागे राहिले, ते कुठे? धाटाच्या काळ्या टोपीवरच! लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी वापरले, तर थोड्याच वेळात पांढरे स्फटिक जमू लागतात. पांढरा थर ऊन परत फेकतो आणि नळ्यांची तोंडे बुजवतो. हू यांच्या गटाने २०१९ साली यावर साधा उपाय काढला. लाकडाला उभी, रुंद भोके पाडली. बारीक नळ्यांत दाट झालेले मिठाचे पाणी या भोकांत झिरपते आणि तेथून खालच्या विरळ पाण्यात मिसळत जाते. खारपाणपट्ट्यातले पाणी समुद्राच्या पाण्याइतके खारट नसते, त्यामुळे तेथे ही अडचण सावकाश येईल, पण टळणार नाही. शिवाय कच्चे भेंड पाण्यात कुजते, त्यावर शेवाळ येते, म्हणून चकती अधूनमधून बदलावी लागेल. धाटाला तोटा नाही, तेव्हा त्याचे दुःख नको. मात्र वापरून झालेली खारट चकती आणि पेटीतले उरलेले दाट पाणी शेतात टाकणे म्हणजे आधीच खारट जमिनीच्या जखमेवर अक्षरशः मीठ चोळणे होईल. अस्तर लावलेल्या खड्ड्यात ते वाळवावे लागेल. ही बाजू प्रयोगशाळेतल्या लेखांत क्वचितच वाचायला मिळते, कारण तिथे चकती अंगठ्याएवढी असते आणि उरलेले पाणी मोरीत जाते.

शाळेत करून पाहता येईल असा एक प्रयोग आता सांगतो. १६ सेंटिमीटर तोंडाचे सारखे चार खोल वाडगे घ्या. बाजूंना वर्तमानपत्राचे जाड वेटोळे बांधा, म्हणजे ऊन बाजूने शिरणार नाही. लिटरला ३५ ग्रॅम या मापाने मिठाचे पाणी करून सर्वांत सारखे भरा. ज्वारीच्या किंवा मक्याच्या वाळक्या धाटाचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे उभे जुळवून दोऱ्याने घट्ट बांधा व वाडग्याच्या तोंडात सैलसर बसतील अशा दोन चकत्या करा. एका चकतीची वरची बाजू लालबुंद तापलेल्या लोखंडी तव्यावर दाबून काळी करायची आहे. हे काम शिक्षकांनी चिमट्याने धरून, उघड्या जागी, जवळ पाण्याची बादली ठेवून करावे. दोन्ही चकत्या रात्रभर पाण्यात भिजत घाला.

सकाळी दहा वाजता पहिल्या वाडग्यात नुसते पाणी, दुसऱ्यात कच्ची चकती, तिसऱ्यात काळी चकती ठेवून तिन्ही उन्हात मांडा. चौथा, नुसत्या पाण्याचा, जवळच सावलीत पण तेवढ्याच वाऱ्यात ठेवा. दर तासाला ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर चारही तोला. वाडग्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे आहे, तेव्हा दीड किलोग्रॅमच्या हिशेबाने भर दुपारी तासाला ३० ग्रॅम ही उन्हाची कमाल झाली. तुमचा आकडा त्याहून मोठा आला तर घाबरू नका. सावलीतल्या वाडग्याची घट त्यातून वजा करा आणि मग पुन्हा पाहा. कच्ची चकती नुसत्या पाण्याच्या पुढे जाते की मागे पडते, हे आधी अंदाजाने वहीत लिहा आणि नंतर ताडून पाहा. कारणही शोधा. भेंड पांढरे असते, एवढा धागा देतो.

तिसरा वाडगा मात्र संध्याकाळी उचलून ठेवू नका. काळ्या चकतीवर मिठाची पांढरी नक्षी कुठे उमटली, मध्ये की काठाला, याचे चित्र काढून घ्या. मग तो रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी ऊन पडण्याआधी ती नक्षी पुन्हा पाहा.